मळीचं पिंप आणि साधनाचं लग्न

मखमलाबादच्या भिमाजीने जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि तरी सगळं गाव त्याला बेवडा समजायचं. आता बोला! कारण काय, तर गोठ्यातलं पिंप. उसाच्या रसातून साखर काढून घेतली की उरतो तो काळा चिकट पाक, म्हणजे मळी. भिमाजी ती कारखान्यातून आणायचा, पाणी घालून ठेवायचा आणि बैलांच्या भुशावर शिंपडायचा. उन्हाळ्यात ती अशी आंबायची की बांधापलीकडच्या माणसाने नाकाला रुमाल लावावा. तो वास त्याच्या धोतराला, पटक्याला, अगदी मिशांनाही चिकटलेला. झेंडू घेऊन बाजारात गेला तरी शेजारची माणसं लांब सरकून बसायची. हा मात्र कुणाला काही सांगेल तर शपथ! स्वभावच आडमुठा.

बायको नवसाबाई कानीकपाळी ओरडायची, "अहो, ते पिंप फेका एकदाचं!"

"अन् बैलांनी काय कोरडा भुसा चघळायचा?" की विषय संपला.

पण लेकीची, साधनाची, दोन स्थळं मोडली तेव्हा मात्र त्याची झोप उडाली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, नाकं मुरडून गेले. तिसरं स्थळ सत्त्याण्णव साली आलं, देवळाली कॅम्पातलं. मुलगा ललित साधनाला मनापासून आवडला होता. हेही मोडलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, म्हणून बोलणीच्या दिवशी भिमाजीने दोनदा अंघोळ केली. वास कसला जातोय!

ललितचे वडील रावजी रिटायर सुभेदार. ओसरीवर बसले, चहाचा कप बाजूला सारला आणि पिशवीतून बाटली काढली.

"भाच्याने जहाजावरून आणलीय. कुठल्याशा बेटावरची रम. कडक माल आहे. घ्या!"

नवसाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. भिमाजीला दरदरून घाम फुटला. घ्यावी तर बेवडा, न घ्यावी तर होणाऱ्या व्याह्याचा अपमान. रावजी तर डोळे रोखून बघत होते. शेवटी 'होऊ दे काय व्हायचं ते' म्हणत भिमाजीने उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला. रावजींनी चक्रावून त्यावर चमचाभर ओतली. भिमाजीने डोळे मिटले, ती प्यायला आणि देवळात करतात तसा ओला हात डोक्यावरून फिरवला.

आणि मग काय विचारता! घशापासून बेंबीपर्यंत नुसता जाळ. खोकून खोकून पटका खाली पडला. जाळ ओसरला तशी जिभेवर चव उरली, सडायला आलेल्या केळ्यांची, करपलेल्या गुळाची, आंबूस. ओळखीची!

"आयला! सुभेदार, ही तर माझ्या बैलांची हाय!"

हाताला धरून त्याने रावजींना गोठ्यात नेलं आणि पिंपाचं झाकण उघडलं. रावजींनी एकदा बाटली हुंगली, एकदा पिंप हुंगलं. मग बैलाच्या पाठीला टेकून पोट धरून हसत सुटले.

"अहो, रमही मळी आंबवूनच काढतात! आणि लोक म्हणाले मुलीचा बाप सकाळपासूनच पिऊन असतो. म्हटलं समोर ठेवून बघू, हात किती सराईत आहे. आणि तुम्ही चक्क तीर्थ घेता! आधीच्या पाहुण्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाय," भिमाजी पिंपावर झाकण ठेवत म्हणाला. "पंधरा वर्षं झाली, कुणीच विचारलं नाय."

रावजींचं हसू थांबलं. "चला घरात," ते म्हणाले, "सुपारी फोडू."

सुपारी फुटली, साखर वाटली, साधना लाजून आत पळाली. संध्याकाळी रावजी आपल्या मोटारसायकलवर बसायला निघाले तेव्हा भिमाजी म्हणाला, "एक मागू? गाडी ढकलत चला. पारावरून जाऊ, दोघं मिळून."

पारावर नेहमीची मंडळी बसलेली. भिमाजीच्या तोंडाला आज खरोखरच दारूचा वास येत होता, आणि आजच तो मान ताठ ठेवून, सगळ्यांना रामराम घालत त्यांच्यासमोरून गेला.