साहेबांचे हुलगे

एक इंग्रजी शब्द माझ्या कानात असा काही पडला, की गावातली माणसं अजून मला बघून तोंडावर उपरणं धरतात. तुम्हीही हसणारच. हसा बापडे, पण हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा.

दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटलेल्या, रानात कडब्याची काडी नाही. आमच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली, म्हणून माझी बैलजोडी तगली होती. मीही तिथंच, बैलांपाशी राहायचो.

एवढ्यात आवई उठली, छावणी बंद करणार! बीडवरून साहेब बघायला येणार, त्यांच्या मनाला आलं तरच छावणी राहणार. छावणी मोडली तर बैल बाजारात न्यायचे. आणि दुष्काळात बैल कशासाठी विकत घेतात, ते मी तोंडानं सांगत नाही.

साहेब आले, आणि नेमका त्याच वेळी वाढ्यांचा ट्रक आला. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. मग काय विचारता! माणसं नुसती तुटून पडली. कुणाच्या हातात पेंढी, कुणाच्या हातात दुसऱ्याचा पटका! एक पेंढी उडाली ती थेट साहेबांच्या जीपवर, धप्पकन!

साहेब लालबुंद! सोसायटीच्या चेअरमनकडं वळून ओरडले, “हूलिगन्स! नुसते हूलिगन्स!”

“उद्या सकाळी काय तो निर्णय सांगतो,” म्हणाले आणि जीपमध्ये बसून डाकबंगल्याकडं निघून गेले. चेअरमन फटफटीवर त्यांच्या मागं.

आता जीपपाशी उभं कोण होतं? मी! ज्यानं जन्मात शाळेची पायरी चढली नाही, त्याच्या कानाला काय ऐकू येणार, तुम्हीच सांगा.

“आबा, काय म्हणले वो साहेब?” किसन पळत आला. हा माझा शेजारी, त्याची जनावरं माझ्या बैलांशेजारीच बांधलेली. किसनला सगळं येतं, फक्त गप बसायला येत नाही.

“हुलगे आन म्हणले,” मी सांगितलं. हुलगे म्हणजे कुळीथ.

“हुलगे?”

“हां. नुसते हुलगे आन, म्हणले.”

“म्हणताना तोंड कसं केलतं?”

मी करून दाखवलं. दात आवळले, डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या.

किसननं मांडीवर थाप मारली. “मुतखडा हाय साहेबाला!”

“कशावरून बे?”

“कळ आल्याबिगर आसं तोंड होतंय व्हय? आन् मुतखड्याला हुलग्याच्या कढणासारखं औषद न्हाई. जीपमदी हादरे बसले, कळ उठली. माणूस कावून चिडला, आता कळलं!”

मला साहेबांची लई दया आली. एवढी कळ सोसून बिचारे आपली जनावरं बघायला आले! आणि औषध मागितलं तेही आपल्याच माणसाकडं, हक्कानं! बरं केलं तर माणूस छावणी मोडेल का?

मी म्हणालो, साहेबांच्या पोटात दुखतंय. छावणीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचली तेव्हा साहेब आडवे झाले होते. गावात शिरेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा सोडलं होतं! मग घराघरातून मूठ मूठ हुलगे निघाले. आमची मंडळी टँकरवर पाण्याला गेलती, म्हणून मीच मडक्यातले सगळे ओतून घेतले.

सकाळी कढणाची वाफाळती चरवी घेऊन मी पुढं, आणि अख्खी छावणी हातात काठ्या घेऊन मागं. गुराख्याच्या हातात काठी नाही तर काय छत्री असणार?

साहेब डाकबंगल्याच्या ओसरीवर दाढी करत होते. आम्हाला बघितलं, तसे अर्ध्या दाढीनिशी आत पळाले आणि धाडकन कडी लावली. आतून आवाज आला, “पुन्हा हूलिगन्स!”

मी हरखून ओरडलो, “आनले साहेब, आनले! गरम हाय तवर घ्या!”

“काय गरम आहे? अंगावर ओतणार का?”

“अंगावर न्हाई साहेब, पोटात!”

मागून किसन बोललाच, “घाबरू नका साहेब, घटकाभरात खडा पडंल!”

“दगडपण आणलेत?” साहेबांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात चेअरमन आले. माझं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावून पायरीवरच बसले. मग उठून खिडकीतून साहेबांशी काहीतरी कुजबुजले. मग आतून असा हसण्याचा आवाज आला, की मला वाटलं, खडा पडला!

दार उघडलं. “बाबा,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “हूलिगन म्हणजे धिंगाणा घालणारा माणूस. दंगेखोर.”

मी चरवी खाली ठेवली. “मंजी तुमाला मुतखडा न्हाई?”

“नाही.”

“बरं झालं. पण साहेब, छावणी मोडू नका. धिंगाणा मानसांनी घातला. बैलांनी काय केलंय?”

साहेबांनी चरवीतलं कपभर कढण घेतलं, एक घोट प्यायले, आणि अगदी कालचंच तोंड केलं.

“छावणी चालू राहील,” ते म्हणाले. “चारा मात्र रांगेत वाटायचा. आणि बाबा, औषध बंद!”

मी ताठ मानेनं घरी आलो. तर दारात आमची मंडळी रिकामं मडकं घेऊन उभी.

“पेरायचं बी होतं त्यात! कुठं घातलं?”

मी विषय बदलला. छावणी कशी वाचली ते सांगितलं, आणि साहेबांनी शिकवलेला शब्दही ऐटीत समजावला. “हूलिगन मंजी, समदं नीट चाललेलं आसताना मधी घुसून धिंगाणा घालनारा मानूस.”

तिनं मडकं खाली ठेवलं, गालाला हात लावला आणि म्हणाली, “आसा शबूद हाय व्हय! तुमाला काय म्हनावं, ते मी लगीन झाल्यापसून हुडकत होते!”