मंजुळेचं मरण

तापल्या चांदीवर सांधा जुळवायचा टाकणखार पडला की एक पांढरा, किंचित करपट वास उठायचा... हुपरीत गंगाक्काच्या पडवीत तो वास, ओल्या पोत्यांचा गारवा आणि पैंजणाच्या कड्या जुळवणाऱ्या सात-आठ बायकांच्या बांगड्यांची किणकिण, यांच्या मधोमध बसून मी दर गुरुवारी शाळा सुटल्यावर गोष्ट वाचायची. नव्वदीची सुरुवात होती, मी सातवीत होते. ती क्रमशः छापणारं साप्ताहिक कोल्हापूरच्या एसटीनं यायचं, आणि त्या पडवीत अक्षर ओळखणारी मी एकटीच.

गोष्ट एका राणीची आणि मंजुळा नावाच्या तिच्या दासीची. दोघी जन्माच्या वैरिणी. तरी राणीला ताप आला की उशाशी मंजुळाच जागायची, आणि मंजुळेला दुसऱ्या कुणी बोल लावला तर राणी त्याची जीभ छाटायला निघायची. हे वैर की माया, या कोड्यानं मी झपाटले होते. वर्गात, नळावर, जेवताना त्या दोघीच डोक्यात. पडवीत कड्या जुळवणाऱ्या माझ्या आईचा आणि मालकीण गंगाक्काचा जीव मात्र मंजुळेवर.

एका संध्याकाळी माल तोलताना एक साखळी कमी भरली. गंगाक्का आईसमोर येऊन उभी राहिली.

"शांते, ऊठ. पदर झाड."

आईनं पदर झाडला, ओटी सोडून दाखवली... सगळ्यांदेखत, माझ्यादेखत. साखळी गंगाक्काच्याच बसायच्या पोत्याखाली निघाली. "हितं हाय की! चला, लागा कामाला," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी मंजुळेला मारलं.

छापलेल्या पानात ती गच्चीवर सुखरूप होती. मी मात्र एकेक शब्द चावत वाचलं — राणीनं दुधात विष कालवलं, मंजुळा तडफडली, आणि राणीनं डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. गंगाक्काच्या हातातला चिमटा गळून पडला. तिनं अंक ओढून घेतला.

"चित्रात तर उभी हाय की ही!"

"ती तिची बहीण," मी म्हणाले.

"परत वाच की गं. मेली न्हाय म्हणत असंल कुठंतरी."

मी परत वाचलं. या खेपेला जरा जास्त तडफडवलं. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

आणि मग आई उठली... गंगाक्काच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "अक्का, उगी. लई सोसलं तिनं. सुटली बिचारी." गंगाक्का तिच्या खांद्यावर हमसली, "तुझ्यावाणीच हुती गं ती, शांते!" दोघी एकाच पदराला डोळे पुसत होत्या. माझ्या अंगाची लाही झाली. कागदावरचं वैर मला उमगायचं, हे उमगेना.

त्यानंतर वर्षभर मी एक गोष्ट डोळ्यांनी वाचत होते आणि दुसरी तोंडानं सांगत होते. शेवटच्या भागात राणी गादी सोडते, आणि दोघी म्हाताऱ्या एका होडीतून नदीपार निघून जातात... ते पान मी एकटीनंच वाचलं.

आईनं त्याच पडवीत आणखी आठ वर्षं कड्या जुळवल्या, म्हणून मी बी.ए. झाले — आमच्या घरातली पहिली. हे ऋण मी विसरले नाही, आणि तो झाडलेला पदरही नाही. गंगाक्का आता थकली आहे. भेटली की अजून मंजुळेसाठी हळहळते. मी सांगत नाही. तिच्यापुरती ती मेलेलीच राहू दे... पण आईला सांगायचं होतं. तिच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा खाटेच्या पलीकडे गंगाक्का बसलेली होती, आईचे पाय चेपत. मग राहूनच गेलं.