अठरावी सही

आमच्या टेकडीला नाव नव्हतं. उपड्या पातेल्यासारखी ती वस्तीच्या पाठीशी बसली होती, आणि आम्ही तिला नुसतं टेकडी म्हणायचो. तिच्यावरून लांब लेण्यांचा डोंगर दिसायचा. तो बघायला कुठून कुठून माणसं यायची. आमच्या टेकडीत कुणी काही कोरलं नव्हतं, ती कुठल्या पोथीतही नव्हती. पायथ्याशी एक झरा होता, तो भर मे महिन्यातही आटत नसे, आणि आमच्या वस्तीला नळ नव्हता. आम्हाला तेवढं माहात्म्य पुरेसं होतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी डी.एड. होऊन नुकतीच शाळेत लागले होते आणि लागल्याचा ताठा अंगात होता. सरकारने प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले, तेव्हा वस्तीतल्या बायकांचा वर्ग मी मागून घेतला. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय. मला राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते.

वर्गात सतरा बायका. कुणी बांधकामावर, कुणी कांद्याच्या वखारीत, कुणी धुण्याभांड्यांवर. त्यात माझी आईही होती. कामावरून आल्यावर, दिवस बुडायच्या आत, टेकडीवरच्या सपाट खडकावर आम्ही बसायचो. तीन-चार महिन्यांत सतराही जणी सही करायला लागल्या. सर्वात म्हातारी होती ती आधी पाटी बघून रडायची. तिने आडनावासकट सही केली त्या दिवशी मी गुळाचे खडे वाटले. सही आली की माणूस साक्षर झाला, असं तेव्हा सरकारला वाटायचं आणि मलाही.

अशाच एका संध्याकाळी शहरातल्या एका बिल्डरचा माणूस खडकावर आला. हातात टाईप केलेला कागद. वस्तीला नळ देण्याचं चाललंय, बायकांच्या सह्या हव्यात, असं तो म्हणाला. बायका हरखल्या. आजवर कुणी कागद आणला की शाईचं पॅडही सोबत आणायचा, आणि याने पेन आणलं होतं. आईने सर्वांत आधी सही केली. एकीची रेघ चुकली, तिने माफी मागून पुन्हा केली. म्हातारीने इतका वेळ घेतला की माणूस घड्याळ बघायला लागला. शेवटी तो मला म्हणाला, बाई, साक्षीदार म्हणून खाली तुमचीही हवी. वर 'विषय : वस्तीस पाणीपुरवठा' असं होतं, तेवढं मी वाचलं. खालच्या सतरा सह्या बघून माझे डोळे भरून आले होते. मी झोकात सही केली आणि तिच्यापुढे 'डी.एड.' असंही लिहिलं.

पावसाळा संपल्यावर टेकडीवर चुन्याच्या खुणा पडल्या. मोजणीला आलेल्या माणसांना बायकांनी अडवलं, तर ते म्हणाले, टेकडी फोडून प्लॉट पडणार आहेत, तुम्हीच तर ना हरकत दिलीय. मी कचेरीत अर्ज करून त्या कागदाची नक्कल काढली आणि तिथल्या बाकावरच वाचली. फसवाफसवी फारशी नव्हतीच, सगळं स्वच्छ लिहिलं होतं. बिल्डर वस्तीला एक नळ देणार, आणि त्या बदल्यात टेकडीचं सपाटीकरण करायला, झरा बुजवायला आणि जागेचे भूखंड पाडायला आमची कसलीही हरकत नव्हती.

मी नक्कल खडकावर वाचून दाखवली. मग आईने विचारलं, "आमाला येत नव्हतं. तू तरी वाचलं व्हतंस ना?"

"नाही," मी म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई उठून झऱ्यावर गेली, हंडा भरून घरी गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला माझीच इतकी चीड आली होती की शाळेत फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचीही लाज वाटायची.

आम्ही हरकत नोंदवली आणि सुनावणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. वस्तीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सुचवलं, खडकाला शेंदूर फासा, उद्यापासून कुणी हात लावणार नाही. त्यावर म्हातारी भडकली. धम्मदीक्षेनंतर तिने घरातले देव स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडले होते. ती म्हणाली, "येवढ्या कष्टानं घालवलेला देव एका बिल्डरच्या भ्यावानं परत आणू का? त्यापरीस त्याचा कागद वाचायला शिकव."

आणि तेच झालं. सरकारी पुस्तकातलं कमळ आणि घर मी बाजूला ठेवलं आणि ती नक्कल फळ्यावर उतरवली. रोज दोन ओळी. सपाटीकरण हा शब्द पाठ करायला तीन दिवस गेले. 'सदरहू' म्हणजे काय, म्हातारीने विचारलं. मी म्हणाले, म्हणजे 'ही'. मग 'ही' म्हणायला काय जीभ झिजते का, असं तिचं म्हणणं. त्यानंतर महिनाभर वस्तीत सदरहू भाकर करपायची आणि सदरहू नवरा उशिरा घरी यायचा. हसता हसता बायका तो कागद आडवातिडवा वाचायला लागल्या. आई रात्री भाकरी थापताना ओळी म्हणायची. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायची.

सुनावणीच्या आधी बिल्डरचा माणूस शाळेत येऊन भेटला. आवाज गोड होता. कागद बायकांना वाचून दाखवला होता एवढंच सांगा, तो म्हणाला, नाहीतर शिकलेल्या बाईने न वाचता साक्ष घातली, हे वरपर्यंत जाईल. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्या पगारावर घर चालत होतं आणि धाकट्या भावाचं कॉलेजही. मी खोटं बोलणार नव्हते, पण भीती वाटली, हे कशाला लपवू?

कचेरीत आम्ही अठरा जणी गेलो. बिल्डरच्या वकिलाने म्हटलं, या बायका साक्षर आहेत, सह्या त्यांच्याच आहेत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आईला विचारलं, ही सही तुमची का?

"माझीच हाय," आई म्हणाली. "वाचू का?"

वकील म्हणाला, गरज नाही. तोवर आईने कागदावर बोट टेकवलंही होतं. एकेका अक्षराखाली बोट सरकवत, अडखळत, मागे जाऊन पुन्हा सुरू करत तिने वाचायला घेतलं. ती अडली की मागून म्हातारी शब्द पुरवायची. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, मग चष्मा काढून हातात धरला आणि ऐकत राहिले. आईने शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं.

"सही केली तवा मला येवढं वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता येतंय. आता करत नाय."

वकिलाने माझी सही पुढे सरकवली. तो म्हणाला, त्या अडाणी होत्या असं मानलं, तरी साक्षीदार शिक्षिका आहे. बाईंनी त्यांना वाचून दाखवलं असणारच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बिल्डरचा माणूस दाराशी उभा होता, आणि आईही माझ्याकडेच बघत होती.

"नाही दाखवलं," मी म्हणाले. "मी स्वतःच वाचलं नव्हतं. फक्त विषय वाचला आणि सही ठोकली. चूक माझी आहे, साहेब, लिहून घ्या. शाळेलाही कळवा. पण चूक मी करायची आणि शिक्षा टेकडीने भोगायची, हे मी चालू देणार नाही."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. मग आईने पेन मागितलं. कोऱ्या कागदावर सतरा जणींनी एकामागून एक लिहिलं, 'टेकडी फोडू नये', आणि खाली सही केली. म्हातारीने 'सदरहू टेकडी' लिहिलं. माझी पाळी आली तेव्हा आईने कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आधी वाच." सगळ्यांसमोर मी सतराही ओळी मोठ्याने वाचल्या, मगच सही केली.

ती ना हरकत रद्द झाली आणि परवानगी मिळाली नाही. शाळेकडून मला लेखी समज आली, नोकरी कायम व्हायला वर्ष जास्त लागलं. लागू दे. बिल्डर पुढच्या सात-आठ वर्षांत आणखी दोनदा आला, दोन्ही वेळा बायकांनी कागद मागून घेतला, खडकावर बसून वाचला आणि तसाच परत दिला. नळ वस्तीने भांडून वेगळा मिळवला. झरा अजून वाहतो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आई थकली. बँकेत आमचं जोडखातं काढायचं होतं, म्हणून मी तिच्यासमोर फॉर्म ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तिने माझं बोट बाजूला केलं, चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मागे रांग खोळंबली होती. मी म्हणाले, "आई, मी वाचलाय तो."

"तू वाचलाय म्हणतेस," ती मान वर न करता म्हणाली, "म्हणून तर वाचते."