सुनंदा मर्चंडेची जर्मन चिनीमाती

सुनंदा मर्चंडे आणि मी रत्नागिरीच्या पोस्टात सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसलो. हाताने रंगवलेल्या जुन्या जर्मन चिनीमातीबद्दल या शहरात कुणाला काही विचारायचं असेल, तर तिलाच विचारावं. तिच्याकडे एकतीस नग आहेत.

पहिली बशी तिच्या वडिलांची. रामजी मुंबईत एका बंगल्यावर आचारी होते. मालकीणबाई कायमच्या परदेशी निघाल्या तेव्हा ती देऊन गेल्या. कडेचा टवका उडालेला, मध्ये जांभळी फुलं. शाळेत असताना सुनंदाने ती भिंगाखाली धरली, तर पाकळीच्या टोकाला ब्रश उचलल्याचा फराटा दिसला. "कुणीतरी बसून काढलंय हे. छापलेलं नाही," ती अजून तितक्याच नवलाने सांगते.

पुढे नोकरी लागली आणि रजेचा दिवस म्हणजे शोध. भंगारवाले पालथे घातले, हर्णैला बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं पालथी घातली. बुरोंडीला एका म्हातारीने लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बशी ठेवली होती. ती काय आहे हे सुनंदाने आधी तिला समजावून सांगितलं, मगच मागितली. तळाची कारखान्याची निळी खूण, रंगाऱ्याचा आकडा, सगळं वहीत उतरवायची. भाजताना पडलेला डाग झाकायला रंगारी त्यावर भुंगा काढत, हे मला तिनेच दाखवलं.

गेल्या जानेवारीत इथल्या एका संस्थेने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. कार्यवाह हर्षद स्वतः घरी आले, म्हणून तिने सगळे नग दिले, माहितीचे कागदही दिले.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही दोघी गेलो. तिच्या कपाटावर पाटी होती : 'शहरातील एका प्रतिष्ठित घराण्याच्या संग्रहातून'. शेजारच्या प्रत्येक कपाटावर मात्र मालकाचं नाव होतं.

"हर्षद, हे घराणं कुठलं?" सुनंदाने विचारलं.

"ताई, रागावू नका. मर्चंडे नाव लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हे तुमच्याकडे कसं आलं."

"मग सांगायचं, कसं आलं ते. लिहून दिलंय मी."

"उगाच गैरसमज नकोत."

"कसला गैरसमज? आमच्या बाबांनी चोरलं असेल, असा?"

हर्षद हार-गुच्छांच्या टेबलाकडे वळले. आणि मी काय बोलले? "अगं, जाऊ दे ना, पाहुणे येतायत." आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

"तू गप्प बस, रेणुका," ती म्हणाली, आणि कपाटाचं दार उघडून तिथेच जमिनीवर बसली. पाहुणे आले, दिवा लागला, भाषणं सुरू झाली. ती एकेक नग वर्तमानपत्रात गुंडाळत होती. पोस्टातल्या हाताला घाई ठाऊक नाही. कुणी तिच्या कानाशी लागलं, कुणी पाटी बदलतो म्हणालं. "आता बदलू नका. राहू दे तुमच्या घराण्याला," ती मोठ्याने म्हणाली, आणि माइकसमोरचे वक्ते अडखळले. दीड तासाने आम्ही तीन खोकी रिक्षात घातली. मागे पाटी आणि रिकामं कपाट.

बुद्धपौर्णिमेला तिने आपल्या वस्तीतल्या विहारात स्वतःचं प्रदर्शन मांडलं. मुंबईहून आलेले चाकरमानी, शाळेतली पोरं, बाया भिंग घेऊन वाकून पाहत होत्या. पहिल्या बशीखाली लिहिलं होतं : 'रामजी मर्चंडे, आचारी, यांना भेट मिळालेली.' मला तिने दारापाशी गर्दी आवरायला उभं केलं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "गेला का गं राग?"

ती फडक्याने एक कप पुसत होती.

"का जावा?" ती म्हणाली.