टेलरबाईंचं न्हाणीघर

"झालंच आहे हो, फक्त काजबटण राहिलंय!" टेलरबाईंनी जन्मभर गिऱ्हाइकांना हेच ऐकवलं. खोटं कशाला बोला, तेव्हा कापड नुसतं कापलेलं असायचं. नवं कापड आलं की बाई आधी कात्री चालवून मोकळ्या. एकदा कापलं की गिऱ्हाईक जातंय कुठे?

त्यामुळे घरातलं एकुलतं एक न्हाणीघर नवं करायला ठेकेदार आला आणि आल्याआल्या म्हणाला, "उद्याच फोडून टाकू," तेव्हा बाई न्हाणीघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. न्हाणीघराचा उंच उंबरा सासूबाईंच्या गुडघ्याला झेपेना, अंघोळीला कोणीतरी हात धरावा लागे, म्हणून तर हा सगळा घाट. पण फोडून हा गडी गायब झाला तर म्हातारीनं जायचं कुठे?

"हातोडा ठेवा खाली. आधी फरशी, नळ, पाइप, सगळं दारात आणून टाका. मग फोडा."

"ताई, विश्वास ठेवा की!"

"विश्वास? अहो, मी टेलर आहे!"

ठेकेदाराला काही कळलं नाही, पण सामान आलं. शिवाय जाताजाता त्यानं कोट शिवायला कापडही दिलं. त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो घालायचा होता. त्याची पाठ वळते न वळते तोच बाईंनी कात्री चालवली.

फोडाफोड झाली, अर्धी फरशी बसली आणि ठेकेदार दिसेनासा झाला. फोनवर म्हणे, "झालंच आहे ताई, फक्त फिनिशिंग राहिलंय." बाईंनी कपाळावर हात मारला. सासूबाई शेजारणीकडे अंघोळीला जात होत्या आणि लाजेनं अर्ध्या होत होत्या. बाईंना फार वाईट वाटलं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा स्वारी उगवली. "ताई, कोट?"

"झालाच आहे. फक्त काजबटण राहिलंय."

ठेकेदारानं टेबलाकडे पाहिलं. तिथे दोन सुट्या बाह्या आणि एक पाठ पडली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमचं फिनिशिंग झालं की माझं काजबटण," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गवंडी हजर! उंबरा गेला, फरशी पुरी झाली, नळाला धो धो पाणी आलं. बाईंनीही शब्द पाळला. कोट चक्क लग्नाआधी अंगात चढला.

सासूबाई न्हाणीघरात एकट्या गेल्या, आतून कडी लावली. कितीतरी दिवसांनी आतून गुणगुणणं ऐकू आलं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात आतून हाक आली, "सूनबाई, आता माझा तो नवा ब्लाउज दे गं! गेल्या वर्षीपासून नुसते हुकच राहिलेत ना?"