कूलरचं खुराडं आणि शून्य

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की सृजनशीलतेच्या तासाला नववीच्या मुलींना काही सुचत नाही. ते चुकीचं होतं.

दुपारी पेपर तपासले. प्रश्न होता, ‘जुन्या कूलरचं काय कराल?’ मी आदर्श उत्तर म्हणून फळ्यावर लिहून दिलेलं ‘कुंडी’ हेच बाकी सगळ्यांनी उतरवलं. एकट्या आकांक्षानं लिहिलं, ‘कोंबड्यांचं खुराडं’.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आदर्श उत्तरात नाही. शून्य द्या.” मी दिलं.

शेवटच्या तासाला पेपर वाटले. आकांक्षानं विचारलं, “मॅडम, मनानंच लिहाचं होतं ना? मंग मले काहून शून्य?”

मागून मैत्रीण हसली, “कोंबडीनं अंडं देल्लं वं तुले!”

आकांक्षा हसली नाही.

आई मला घरी शिकवायची, तेव्हा माझं उत्तर होईपर्यंत स्वतःचं सांगायची नाही. मी आधीच फळा भरून ठेवला.

असा तास शाळेत असावा का, तुम्हीच सांगा. माझी नोकरी कंत्राटी आहे, भीती वाटते. पण निकाल शनिवारी आहे. शुक्रवारी मी गुणपत्रकातलं ते शून्य खोडणार आहे.