नऊ नंबरचा सेट

निमगाव केतकीच्या सारजा कोकरेला दोन गोष्टींची भारी चीड. एक, उगाच जळणारा दिवा आणि दोन, उगाच बोलणारा माणूस. बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती साखर कारखान्याच्या वायरलेस खोलीत लागली, तेव्हा मेंढरांमागं हिंडलेल्या तिच्या घराण्यात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच. मग साहेबांच्या पाठीमागं लागून धाकट्या भावाला, सिद्धूलाही तिनं शेतकी खात्यात चिकटवलं. आई म्हणाली, "पोरगं तुझ्या भरवशावर सोडलंय बरं का, सारजे." सारजानं ते हसण्यावारी नेलं. कारखान्यात पोराला काय वाघ खाणार होता?

सत्त्याण्णवच्या हंगामात कारखान्यानं फडावरच्या माणसांना हातात मावणारे वायरलेस सेट दिले. फड म्हणजे ऊसतोड चालू असलेलं शेत. प्रत्येक सेटला नंबर, सिद्धूचा नऊ. सेट झकास होते, पण बॅटरी दुपारीच मान टाकायची. रानात लाइटीचा भरवसा नाही, चार्जिंग कारखान्यातच. शिवाय साऱ्यांना मिळून वाट एकच. एक बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. आणि आपली माणसं गप्प बसतील तर शपथ! "जेवलास का?" "कालवण काय हुतं?" तिकडं कुणाची गाडी ओढ्यात रुतलेली असायची आणि त्याची हाक वांग्याच्या कालवणाखाली गाडली जायची.

शेतकी अधिकारी बापूसाहेब जादा बॅटऱ्या मागवायला निघाले. सारजानं त्यांना थांबवलं. "साहेब, बॅटऱ्या नको. बोलणंच कमी करू."

तिनं शिस्त आखून दिली. सेट एरवी बंद ठेवायचा. तासाच्या ठोक्याला थोडा वेळ उघडायचा, कारखान्याचा निरोप असला तर ऐकायचा आणि परत बंद. ऐकण्यापेक्षा बोलायला बॅटरी कितीतरी जास्त लागते, म्हणून अडचण आली तरच बोलायचं. सगळं ठीक असेल तर तोंड उघडायचं नाही.

ही अक्कल काही डिप्लोमानं दिलेली नव्हती. दिवाळी झाली की तिचे वडील गेणबा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. मधे चिठ्ठी नाही की निरोप नाही. तरी घरात कुणी घोर लावून घ्यायचं नाही. वाईट बातमी असती तर सांगायला कुणीतरी पळत आलं असतं. आलं नाही म्हणजे माणूस खुशाल. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वस्तीत असंच धरून चालायचे. सारजानं तेच सेटला लावलं. बॅटऱ्या दिवस मावळेपर्यंत पुरू लागल्या. बापूसाहेब खूश झाले आणि सारजाची कॉलर ताठ. सेट गप्प असला की ती निवांत चहा घ्यायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वारं पिसाटलं होतं. सारजानं नुकताच कप उचलला होता, तेवढ्यात सेट खरखरला.

"सात नंबर बोलतोय. तारंची ठिणगी पडली, सणसरच्या रानात फड पेटलाय! टँकर पाठवा!"

सात नंबर म्हणजे म्हस्कूतात्या, जुना जाणता माणूस. त्याचा आवाज कापलेला तिनं कधी ऐकला नव्हता. सारजानं टँकर सोडायला फोन केला, बापूसाहेबांना बोलावून घेतलं. मग तिच्या ध्यानात आलं, सातच्या बांधाला लागूनच नऊचा फड. वाळलेलं पाचट, वर वारं आणि मधे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्याच झोपड्या.

सिद्धूला हाक मारावी, तर त्याचा सेट बंद. बंद ठेव म्हणून तिनंच बजावलं होतं, वर एकदा उघडा ठेवला म्हणून चारचौघांत झाडलंही होतं.

"वारं फिरलं!" म्हस्कूतात्या ओरडला. "जाळ नवाच्या फडाकडं निघालाय. बैल सोडवायला कोणतरी आत गेलंय म्हणत्यात!"

"कोण? कोण गेलंय, तात्या?"

त्याला ते ऐकूही आलं नसावं. तो टँकरची वाट सांगू लागला. बापूसाहेबांनी तिचा हात बटणावरून बाजूला केला. "मधे बोलू नको, सारजा. टँकरवाला सेटवर त्याचंच ऐकत चाललाय."

तासाचा ठोका पडला. आता सगळे सेट उघडणार, नऊही उघडणार. सारजा कान लावून बसली. म्हस्कूतात्याचं बोलणं थांबलं की मधे थोडी जागा मिळत होती. त्या जागेत सिद्धूनं नुसतं खोकावं, एवढंच तिचं मागणं होतं. सेट गप्प. महिनाभर जी शांतता ऐकून ती चहा घेत होती, तीच आता तिला खायला उठली होती. माणूस खुशाल असला तरी गप्प आणि जळून गेला तरी गप्प. आपण हे काय करून ठेवलं? आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिला राहवलं नाही. तिनं बटण दाबलं, "नऊ नंबर! सिद्धू!"

नेमका त्याच वेळी म्हस्कूतात्या बोलत होता. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि टँकरवरच्या सेटमधून नुसती किंकाळी निघाली असणार. तिनं बटण सोडलं तेव्हा तात्याच्या बोलण्याचं शेपूट तेवढं कानी पडलं, "...त्या वाटंनं न्हाय, न्हायतर टँकर जाळात जाईल!" नशीब, त्यानं ते पुन्हा सांगितलं. सारजानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, पुन्हा बटणाकडं जाऊ नयेत म्हणून.

ऊन कललं तेव्हा आग आटोक्यात आल्याचा निरोप आला. आत गेलेल्या माणसाचं मात्र कुणीच काही बोललं नाही. आता वाट मोकळी होती. तिनं नऊला हाका मारल्या, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. उत्तर नाही. बापूसाहेब खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. तिच्या तोंडाकडं बघायचा त्यांना धीर नव्हता.

"आक्का, कुणाला हाका मारतीयास?"

सिद्धू दारात उभा होता. तोंड काजळीनं माखलेलं, भुवया जळालेल्या. ऊसतोडीवाल्यांच्या बायकापोरांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो त्यांच्याबरोबर कारखान्यावर आला होता.

सारजानं उठून आधी त्याच्या मुस्काटात भडकावली. मग त्याचे हात, कान, मान चाचपून बघितली. "आत कोण गेलतं?"

"मीच. बैल दाव्याला हुता."

"मग बोलला का न्हाईस? सेट उघडला न्हाईस?"

"ठोक्याला उघडला की. तात्या टँकरला वाट सांगत हुता, त्यात मी काय बोलू? आमचं तर समदं ठीक झालं हुतं." तो गाल चोळत म्हणाला. "मग बंद केला. बॅटरी जाती म्हणून."

सारजा मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं शिस्त बदलली. ठोक्याला प्रत्येकानं आपल्या पाळीनं बटण एकदा दाबायचं. बोलायचं नाही, नुसता खट्ट आवाज. पाळी चुकली की लगेच त्या फडावर माणूस पाठवायचा. बापूसाहेब म्हणाले, "बॅटरी जास्त जाईल." ती म्हणाली, "जाऊ द्या."

सिद्धू मात्र ठोक्यापर्यंत थांबेना. उसाच्या कडेला, चहाच्या टपरीवर, मनात येईल तेव्हा खट्ट. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर सारजानं त्याची खरडपट्टी काढली असती. संध्याकाळी नवाची बॅटरी कोरडी ठाक होऊन यायची. ती काही न बोलता चार्जिंगला लावायची आणि घरी गेली, तरी सिद्धूची सायकल अंगणात लागेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.